मदत हवी आहे: ऑलमन ब्रदर्स बँडचं पुढे काय ऐकू?

मंडळी, सदर्न रॉककडे (अमेरिकेच्या दक्षिण भागातलं रॉक संगीत) मी फार उशिरा वळलो आणि सध्या या बँडच्या 'ॲट फिलमोर ईस्ट' या लाइव्ह अल्बमने पुरता झपाटलोय. मार्च १९७१मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या कार्यक्रमांचं हे ध्वनिमुद्रण. 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड'मध्ये ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स हे दोघे गिटारवादक आधी जोडीने सुरावट मांडतात. मग बेट्सचा सोलो, ड्वेनचा भाऊ ग्रेगचा ऑर्गन आणि त्यानंतर ड्वेन! अगदी शांत सुरुवात करून तो असा काही चढत जातो की अंगावर काटा येतो. मागे दोन-दोन ड्रमर, पण कुठेही गोंगाट नाही.

त्याच ऑक्टोबरमध्ये ड्वेन अपघातात गेला, वय अवघं २४. फार हळहळ वाटते.

आता 'ईट अ पीच'मधलं अर्ध्या तासाहून लांब 'माउंटन जॅम' लगेच ऐकू, की आधी सुरुवातीचे स्टुडिओ अल्बम? वॉरन हेन्स आणि डेरेक ट्रक्स या नंतरच्या गिटारवादकांच्या काळातलं कुठलं लाइव्ह ध्वनिमुद्रण चांगलं?

आणखी एक, गिटारवाल्यांसाठी. ड्वेन औषधाची छोटी काचेची बाटली बोटात घालून स्लाइड (ती बाटली तारांवरून सरकवत) वाजवायचा. मला काचेच्या स्लाइडने तारांची खरखर आवरत नाही. स्लाइडच्या मागची बोटं तारांवर नेमकी कशी टेकवायची?