मदत हवी आहे: डाउन सिंड्रोम असलेल्या भावासाठी समुपदेशक (पुणे-पिंपरी)

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आमची आई गेली. धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे, वय 34. त्याचं सगळं आईच बघायची. अंत्यविधीच्या दिवशी नातेवाइकांनी त्याला शेजारी नेऊन बसवलं आणि "आई गावाला गेलीय" असं सांगितलं. आता रोज संध्याकाळी तो तिच्या चपला दाराशी नीट लावतो आणि जेवताना तिचंही ताट घेतो. रडत नाही, म्हणून लोक म्हणतात, "त्याला काय कळतंय!" मला हे अजिबात पटत नाही. पोट दुखतंय म्हणतो (डॉक्टरांनी तपासलं, शारीरिक काही नाही), झोप उडालीय, कार्यशाळेत जायचं नाव काढलं की चिडतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांचं दुःख बरेचदा वागण्यातूनच बाहेर येतं, कधीकधी कित्येक महिन्यांनी.

टेलिमानसच्या (सरकारची मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइन) 14416 वर मराठीत बोलता येतं, मला त्याचा आधार झाला. पण भावाला फोनवरचं बोलणं झेपत नाही. समोर बसून, फोटो, चित्रं, आईच्या वस्तू हाताशी घेऊन, घाई न करता बोलणारं कुणीतरी हवं आहे. तुमच्या अनुभवातलं नाव असेल तर कृपया मेसेज करा.

आणखी एक. आई वारली हे त्याला आता खरं सांगायचं आहे. तुमच्या घरी हे कुणी, कसं सांगितलं? वर्षश्राद्धाच्या विधीत त्याला बसवावं असं मला फार वाटतं, काका मात्र नको म्हणतात. कुणी बसवलं असेल तर आधी काय तयारी केलीत, तेही लिहा.