आंतरराष्ट्रीय अभ्यास, पदवी मेजर: ४२ क्रेडिटमध्ये काय बसवायचं आणि काय सोडायचं?

नकाशावाचक (प्रश्न)

एकूण पदवी १२० क्रेडिटची, त्यातले मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, ४२. म्हणजे ३-३ क्रेडिटचे १४ विषय. सध्याचा मसुदा असा: गाभा १२ (परिचय, जागतिक इतिहास, तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र), संकल्पना-गट (उदा. सुरक्षा) १२, प्रदेश (उदा. पूर्व आशिया) ९, मुक्त ऐच्छिक ६, शेवटच्या वर्षाचा प्रबंध ३. परकीय भाषेची चार सेमिस्टर याच्या बाहेर.

कागदावर बेरीज जुळते. पण ऐच्छिकांची यादी ६० विषयांवर गेली आहे आणि विद्यार्थी त्यातून सोयीच्या वेळेचे विषय उचलणार, ही धास्ती आहे. भाषेची अट सेमिस्टरमध्ये लिहावी की पातळीत? आणि बाकी कुठे पाणी मुरतंय?

रेखांश

भाषेची अट पातळीतच लिहा. आठवड्याला ५ तास, १५ आठवडे, चार सेमिस्टर: झाले ३०० तास. अमेरिकेच्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटच्या (राजनैतिक अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी सरकारी संस्था) अंदाजानुसार कामकाजापुरत्या प्रावीण्यासाठी स्पॅनिशला साधारण ६०० ते ७५० वर्गतास लागतात. अरबी, मँडरिन, जपानी, कोरियन यांना २२००. म्हणजे तेवढ्याच चार सेमिस्टरमध्ये स्पॅनिशवाल्याची फार तर निम्मी वाट संपते, अरबीवाल्याची सातवा हिस्साही नाही. दोघांना एकच अट लावली की सगळे सोप्या भाषेकडे धावतात आणि अरबीचा तिसरा वर्ग पटाअभावी बंद पडतो.

युरोपीय भाषा-चौकटीत (ए१ ते सी२ अशा सहा चढत्या पातळ्या) सांगायचं तर स्पॅनिश, फ्रेंचला बी१ आणि अरबी, मँडरिनला ए२ हे पदवीला झेपतं. घरी ती भाषा बोलणाऱ्यांना सरसकट सूट देऊ नका. बोलणं अस्खलित असूनही वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचता येत नाही, असं बऱ्याचदा असतं; वाचन-लेखनाची परीक्षा वेगळी घ्या. आणि सूट मिळते ती वर्गातून, १२० क्रेडिटमधून नाही. हे नियमावलीत स्पष्ट लिहिलं नाही तर शेवटच्या सेमिस्टरला क्रेडिट कमी भरतात.

टाचणी

खरं पाणी मुरतंय ते गाभ्यातच. ‘आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र’ ३ क्रेडिटचं दिसतं, पण अर्थशास्त्र विभाग त्याआधी सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्राची प्राथमिक ओळख मागतोच. म्हणजे ३ चे ९ झाले आणि तुमचं मेजर ४२ चं नसून ४८ चं आहे. विद्यार्थ्याला हे कळतं तिसऱ्या वर्षी, नोंदणीची खिडकी ‘पूर्वअट अपूर्ण’ म्हणते तेव्हा.

उपाय कडू आहे: मुक्त ऐच्छिकांचे ६ काढून टाका आणि ते दोन पायाभूत विषय उघडपणे गाभ्यात घ्या. संकल्पना-गट १२ वरून ९ करून उरलेल्या ३ मध्ये संशोधन पद्धती बसवा. आत्ता ती मसुद्यात कुठेच नाही. प्रश्न कसा मांडायचा, आकडेवारी कशी वाचायची हे न शिकवता प्रबंध मागितला तर हाती माहितीचं संकलन येतं. मग हिशेब २१ + ९ + ९ + ३ = ४२. पद्धती चौथ्या सेमिस्टरपर्यंत व्हायलाच हवी, कारण पाचव्याला बरेच जण परदेशी सत्राला जातात.

आणखी एक: यादीतल्या प्रत्येक विषयापुढे तो किती सेमिस्टरांनी शिकवला जातो आणि दुसऱ्या विभागातल्या विद्यार्थ्यांना किती जागा असतात, ते लिहून काढा. दोन वर्षांत एकदा येणारा विषय सक्तीचा ठेवायचा नाही. ६० ची यादी एवढ्यानेच बरीच आटोपशीर होते.

रेखांश

प्रदेश आणि भाषा यांची गाठ बांधा. जर्मन शिकायची आणि प्रदेश आग्नेय आशिया, असं चालू दिलं तर भाषा शोभेची राहते. फ्रेंचला पश्चिम आफ्रिका, पोर्तुगीजला ब्राझील किंवा अंगोला-मोझांबिक, असे पर्याय खुले ठेवा. फ्रेंच म्हणजे फक्त युरोप हा समज मोडायला हीच जागा बरी. प्रबंधात त्या भाषेतली निदान दोन-तीन साधनं वापरलेली हवीत.

नकाशावाचक

पटलं. ‘चीनचं परराष्ट्र धोरण’ सुरक्षा गटातही बसतं आणि पूर्व आशियातही. दोन्हीकडे मोजू द्यावं का? आणि परदेशी सत्राचे क्रेडिट कसे धरता?

टाचणी

दुहेरी मोजणी एकाच विषयापुरती ठेवा. त्याने दोन रकाने भरतात, पण क्रेडिट ३ च. ४२ ची बेरीज दुसऱ्या विषयाने पूर्ण करावी लागेल, हे त्याच वाक्यात लिहा.

परदेशी सत्रात घोळ अर्ध्या क्रेडिटचा होतो. युरोपात पूर्ण सेमिस्टर ३० ईसीटीएसचं (तिकडची क्रेडिट मोजण्याची पद्धत), आणि आपल्या क्रेडिटमध्ये रूपांतर बहुधा दोनास एक. ६ ईसीटीएसच्या विषयाचे बरोबर ३ होतात, पण कित्येक विद्यापीठांत विषय ५ चे असतात, त्यांचे २.५. अडीचच्या विषयाने तीनची अट भागली असं धरायचं, फक्त मेजरची एकूण बेरीज ४२ च्या खाली जाता कामा नये. बाहेरून आणलेल्या क्रेडिटवर १२ ची कमाल मर्यादा ठेवा, आणि पद्धती व प्रबंध तुमच्याकडेच करायला लावा. विषयांना मंजुरी द्यायची ती विद्यार्थी परदेशी निघण्यापूर्वी, लेखी. परत आल्यावर नुसत्या शीर्षकावरून मजकूर ओळखणं कठीण जातं.