लढाईवरून आलेला मुलगा 'बदलला' म्हणजे नेमकं काय बदललं?

खडकीकर
२६ जुलैची, कारगिल विजय दिवसाची पोस्टरं लागली की टोलोलिंगचा (१९९९ च्या त्या लढाईतलं शिखर) विषय निघतोच. पोस्टरवरचा मुलगा कायम हसरा. खडकवासल्याला एनडीएत ३ वर्षं, डेहराडूनच्या लष्करी अकादमीत १, आणि बाविशीत तिसेक जवानांची प्लाटून हाताखाली. पुढे त्याच्यात काय बदलतं ते जाणकारांनी लिहा. भाषणं नकोत, बारकावे हवेत.

कातळ
आधी हिशोब बदलतो. रायफलीचं ५.५६ मिमीचं काडतूस साधारण १२ ग्रॅम, शंभराचे सव्वा किलो. रात्री उभ्या कड्यावर काय न्यायचं हे ठरवताना खाणं मागे राहतं, काडतुसं वर जातात. देश, झेंडा खरंच असतं मनात, पण चढताना डोक्यात शेजारचा बडी, म्हणजे जोडीचा जवान असतो. टोलोलिंगवर मेच्या उत्तरार्धापासून हल्ले अडत गेले, माथा १३ जूनला हाती आला. इतके दिवस तोच उघडा उतार, आडोसा नाही, दिवसा हलायची सोय नाही. 'मी काय करून दाखवीन' तिथेच संपतं.

सिस्टरमाई
उंची विसरू नका रे. ९ ते १२ हजार फुटांवर ६ दिवस, १५ हजारांपर्यंत आणखी ४, त्यावर पुन्हा ४, असं शरीर सरावतं. घाईत हे दिवस कापले की डोकेदुखी, चिडचिड, झोपेत श्वास अडखळून दचकून जाग. पोरगा बरळतोय, सुस्त पडलाय? सरळ रेषेत चालवून बघा. तोल गेला तर मेंदूला सूज समजायची: ताबडतोब खाली उतरवणं, ऑक्सिजन, डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं औषध). 'धीर खचला' हा शिक्का त्याआधी मारू नये.

रारापाटील
माई +१. आणि रायफल उबदार तंबूत आणायची नाही. दव धरतं, बाहेर नेली की गोठतं, बोल्ट अडकतो. तेलही अगदी पुसट. इन्सास रायफलीची प्लास्टिक मॅगझिनं थंडीत तडकायची ती वेगळीच कटकट.

खडकीकर
पाटील, विषय माणसाचा आहे 😄

रारापाटील
रायफल अडकली की माणूस पण बदलतो साहेब.

शिक्का५६
पत्रांवर लिहितो. पत्ता 'मार्फत ५६ एपीओ' (लष्करी टपाल कार्यालय) एवढाच. जागा, हालचाल, तारखा लिहायला मनाई. म्हणून 'मी मजेत, काळजी नसावी' अशा दोन ओळी आल्या की तो तुटक झाला असं समजू नका, लिहिण्यासारखं सगळं नियमात अडकलेलं असतं. खरा फरक पडतो तो गेलेल्या सोबत्याचं सामान लावताना. 'कमिटी ऑफ अ‍ॅडजस्टमेंट' बसते: घड्याळ, पाकीट, रोख, पत्रं, एकेक वस्तू यादीत, खाली सह्या. कोणाची किती उधारी ती पण. काल ज्याच्यासोबत चहा घेतला त्याची बनियनं मोजायची. माझ्या मते आदर्शवाद गोळीने मरत नाही, तो या यादीवर सही करताना वयात येतो.

नीलाताई_सातारा
🙏 आमच्या साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरी गावातलं स्मारक बघितलंय का कोणी? एका गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले.

कानसेन
घरचे म्हणतात 'हल्ली ओरडून बोलतो, ऐकून घेत नाही'. बऱ्याचदा तो राग नसतो, कान गेलेले असतात. तोफांच्या दणक्याने आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकू येणं जातं. बायका-मुलांच्या आवाजातले स, श, फ निसटतात, कानात शिट्टी वाजत राहते. ऑडिओग्राम (कानाची तपासणी) आधी, भांडण नंतर.

विहीणबाई
झोपलेल्याला हलवून उठवू नये ना? आमच्या ओळखीत विचारतायत.

सिस्टरमाई
हो ताई. पायांकडे, हाताच्या अंतराबाहेर उभं राहून नावाने हाक मारायची. दिवाळीत सुतळी बॉम्ब कधी फुटणार ते आधी सांगायचं, धसका अचानक आवाजाचा असतो. महिन्याहून जास्त दिवस वाईट स्वप्नं, गर्दी टाळणं, दाराकडे तोंड करून पाठ भिंतीला लावून बसणं चाललं तर डॉक्टर. झोपेच्या गोळ्या आणि रम हा उपाय नाही, गुंता वाढतो. आघातावरचं समुपदेशन आणि सर्ट्रालिनसारखी औषधं चालतात, पण गुण यायला काही आठवडे लागतात, मध्येच सोडू नका. जवान लपवतात कारण लष्कराच्या 'शेप' या वैद्यकीय वर्गवारीतला एस म्हणजे मन, तो घसरला की बढती अडेल ही भीती. टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे.

कातळ
नोकरीतल्यांनी युनिटच्या डॉक्टरशी खाजगीत बोलायचं, ते बरं.

डाळबट्टी
अवांतर: वर डाळ शिजते कशी?

रारापाटील
१६ हजार फुटांवर पाणी ८४ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकर नसेल तर तूरडाळीचा नाद सोडा. मसूर रात्रभर भिजवा. तेही पाणी गोठलं नाही तर 😂