सरासरीसाठी एक्स-बार लिहावे की म्यू?

खानापूरची विद्यार्थिनी
नमस्कार. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले असून सध्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मी आमच्या गावातील पाच शेतकऱ्यांचे उसाचे एकरी उत्पादन नोंदवले: 32, 35, 38, 41 आणि 54 टन. बेरीज 200, म्हणून सरासरी 40. मी वहीत ‘म्यू बरोबर 40’ असे लिहिले, तर सरांनी त्या म्यूभोवती लाल गोल करून शेजारी ‘एक्स-बार’ एवढेच लिहून वही परत दिली. बेरीज करायची आणि संख्येने भागायचे, ही रीत दोन्हीकडे एकच आहे. मग चिन्हे दोन कशासाठी?

निवृत्त शिक्षक, निपाणी
रीत एकच असली तरी राशी दोन आहेत. म्यू (ग्रीक अक्षर) ही गावातील सगळ्या ऊस उत्पादकांची, म्हणजे समष्टीची सरासरी. ती ठरलेली असते, पण प्रत्येकाचे उत्पादन मोजल्याशिवाय कळत नाही. एक्स-बार, म्हणजे आडवी रेघ दिलेला एक्स, ही तुमच्या हाती आलेल्या नमुन्याची सरासरी. उद्या तुम्ही दुसऱ्या पाच जणांच्या बांधावर गेलात तर ती बदलेल. ‘म्यू बरोबर 40’ लिहिताच तुम्ही न मोजलेल्या शेतांविषयीही ठाम विधान करता, आणि सरांचा आक्षेप त्यालाच असावा. खऱ्या किमतीला आणि अंदाजाला एकच नाव दिल्याने संख्याशास्त्रात घोटाळा होतो, हे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1922 च्या निबंधात स्पष्ट मांडले होते. समष्टीला ग्रीक अक्षर आणि नमुन्याला रोमन, हा आजचा संकेत तोच घोटाळा टाळतो.

हा भेद पुढच्याच पायरीला हिशेबात उतरतो. तुमच्या आकड्यांची 40 पासूनची अंतरे वजा 8, वजा 5, वजा 2, 1 आणि 14 आहेत. त्यांच्या वर्गांची बेरीज 290 येते. आता समजा, गावाची खरी सरासरी 42 आहे. 42 पासून मोजल्यास तीच बेरीज 310 होते. एक्स-बार त्याच पाच आकड्यांतून काढलेला असल्यामुळे ही बेरीज त्याच्याभोवतीच सर्वांत लहान येते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी नमुन्याच्या प्रचरणात (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत, याच्या मापात) 5 ऐवजी 4 ने भागतात. तेव्हा तुमचे उत्तर 58 नव्हे, 72.5. चिन्ह चुकले की भाजकही चुकतो, असे मी वर्गात अनेकदा पाहिले आहे.

भौतिकशास्त्राची प्राध्यापिका, बेळगाव
ताई, पुढे आमच्या विषयाची पुस्तके उघडाल तेव्हा सरासरीचे आणखी एक चिन्ह दिसेल: राशीच्या दोन्ही बाजूंना टोकदार कंस. तेथे आडवी रेघ टाळण्याचे एक कारण असे की, संमिश्र संख्येची अनुबद्ध संख्याही (काल्पनिक भागाचे चिन्ह उलटवलेली संख्या) तीच रेघ देऊन लिहितात. द्रव-वायूंच्या प्रवाहाच्या अभ्यासात मात्र दोन्ही चिन्हे एकत्र येऊ शकतात. तेव्हा पुष्कळदा रेघ काळावर काढलेल्या सरासरीसाठी आणि कंस अनेक समान प्रयोगांवर काढलेल्या सरासरीसाठी ठेवतात. त्यामुळे अहवालाच्या पहिल्या पानावर प्रत्येक चिन्हाचा अर्थ लिहून ठेवा. टंकलिखित प्रतही स्वतः तपासा, कारण मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना अक्षरावरची रेघ कधीकधी गळून नुसते ‘एक्स’ उरते.

खानापूरची विद्यार्थिनी
आपणा दोघांचे मनापासून आभार. प्रचरणात मी खरोखरच 5 ने भागले होते. ते आता दुरुस्त करते. 54 टनांचे शेत नदीकाठचे असल्यामुळे मला मध्यकही, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांतील मधला आकडा, द्यायचा आहे. त्याचे चिन्ह कोणते?

निवृत्त शिक्षक, निपाणी
मध्यक 38 येईल, आणि तो देण्याचा विचार योग्य आहे. ते शेत 54 ऐवजी 74 टनांचे असते तर सरासरी 44 झाली असती, मध्यक जागचा हलला नसता. काही पुस्तके एक्सवर नागमोडी रेघ देतात, परंतु सर्वमान्य चिन्ह नाही, म्हणून ‘मध्यक’ असा शब्दच लिहावा. आपल्या भागात एक काळजी मात्र घ्यावी लागते: मराठी पाठ्यपुस्तकातील ‘मध्य’ म्हणजे सरासरी, तर कन्नडमधील ‘मध्यांक’ म्हणजे मध्यक. ‘सरासरी’ हा शब्द दोन्ही भाषांत चालतो, तेव्हा ‘मध्य’ऐवजी तोच वापरा.