वीज पडून वाचले, पण घरी आलेला माणूस वेगळाच वाटतोय

बांधावरची:
नमस्कार, लिहू की नको करत सहा महिने गेले. मागच्या वर्षी परतीच्या पावसात, सोयाबीन काढणी चालू असताना आमच्या ह्यांच्यावर वीज पडली. म्हणजे बाभळीवर पडली आणि हे बैल घेऊन तिच्याखाली उभे होते. बैल जागीच गेला. हे बाजूला फेकलेले, पाय थंडगार, निळे पडलेले, आणि कमरेला चांदीचा करदोडा होता त्याच्याखाली भाजलेलं, एकेक कडी मोजून घ्या असं. लोक शेणात पुरायला निघाले होते, माझा दीर भांडला आणि टमटममध्ये टाकून दवाखान्यात घेऊन गेला. संध्याकाळी पाय हलले. नऊ दिवस ॲडमिट, एमआरआय नॉर्मल.

आता दिसायला ठणठणीत. पण डेअरीवर सुट्टे पैसे मोजताना अडकतात, रात्री दोनला उठून बसतात, पोरीच्या हातून ताट पडलं तरी अंगावर धावून जातात आणि मग गोठ्यात जाऊन रडतात, ते मला माहितीये हे त्यांना माहीत नाही. आधी आवाज चढवणारा माणूस नव्हता हो. सासूबाई म्हणतात पायाळू आहे, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला, वीज त्याला शोधतच येणार, आणि आभाळ आलं की ह्यांना आत कोंडून ठेवतात. भावकी म्हणते कामाचा कंटाळा. पोरगी सातवीत आहे, ढग आले की दप्तर टाकून शाळेतून पळत येते, बाबा कुठेत बघायला. हे असंच राहणार का? कुणाकडे झालंय का असं?

कोकणी फणस:
ताई, आमच्या दादाला झालंय. मे महिन्यात आंबे काढताना, झाडाखाली नव्हता, दहा पावलांवर होता तरी जमिनीतनं बसला. कानाचा पडदा फाटला आणि वर्षभरात एका डोळ्यात मोतीबिंदू, वय ४१. तुम्ही डोळे दाखवून घ्या, उशिरा पण येतो तो. आणि खरं सांगू, आम्ही भावंडांनी दोन वर्षं त्याला नाटकी म्हटलं. तो विसरायचा, आम्ही हसायचो. अजून त्याच्या तोंडाकडे नीट बघवत नाही मला. आता बराच सावरलाय, पण गर्दीत, लग्नाबिग्नात नेलं की तासाभरात घरी चल म्हणतो.

फिजिओ_लातूर:
मी डॉक्टर नाही, पण असे दोन-तीन पेशंट हाताखालून गेलेत. वीज बसलेल्या दहातले साधारण नऊ जगतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना नंतर विसरणं, झोप उडणं, चिडचिड, मुंग्या, कानात शिट्टी हे होतं. पाय निळे पडून काही तासांत परत येणं हे पण विजेचंच. एमआरआय म्हणजे घराचा फोटो, आतली वायरिंग धड चालते का ते फोटोत दिसत नाही, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल म्हणजे माणूस नाटक करतोय असं अजिबात नाही. न्यूरोला दाखवा, स्मरणशक्तीच्या टेस्ट करा म्हणून सांगा, आणि रडण्याबद्दल मानसोपचारवाल्यांना पण सांगा, लपवू नका. सुधारणा होते पण हळू, आणि सगळी होईल असं कुणी छातीठोक सांगत असेल तर फी विचारा आधी.

नाथसागर:
पायाळूचं खोटं नाही, आमच्या आजीनं डोळ्यानं पाहिलंय

फिजिओ_लातूर:
@नाथसागर बैल पण पायाळू होता का मग? बैलाचे पुढचे-मागचे पाय लांब लांब असतात, जमिनीतला करंट एका पायातनं चढून छातीतनं दुसऱ्यातनं उतरतो, म्हणून जनावरं पटकन जातात. झाडाखाली उभं राहिलं एवढंच ह्यांचं चुकलं. आणि शेणात पुरण्यात वेळ घालवू नका रे बाबांनो, वीज बसलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही, हात लावा, श्वास नसेल तर छाती दाबायला लागा.

रिटायर्ड तलाठी:
पंचनामा झाला होता का? वीज पडून माणूस जखमी आणि आठवड्याच्या वर ॲडमिट असेल तर सरकारी मदत मिळते, २०२२ मध्ये ठरलेल्या दरानं १६,००० होती, ओढकामाच्या बैलाचे ३२,०००. बैलाचं पोस्टमार्टेम पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून झालेलं लागतं, तिथंच लोकं अडकतात, रात्रीच पुरून मोकळे होतात. डिस्चार्ज कार्ड घेऊन तहसीलला जा. मुलीला पुण्याच्या हवामान संस्थेचं दामिनी ॲप टाकून द्या, आसपास २०-४० किमीत वीज पडत असली तर कळतं, पोरीला शाळेतून पळावं लागणार नाही.

बांधावरची:
सगळ्यांना थँक्यू. बैलाचं पोस्टमार्टेम झालं होतं, दिरानं कागद जपून ठेवलाय, उद्या जातोय. फिजिओ ताई की दादा, तुमचं वायरिंगचं मी सासूबाईंना तसंच्या तसं वाचून दाखवलं, काही बोलल्या नाहीत, पण काल गडगडलं तेव्हा दाराला कडी लावली नाही. डोळ्यांची तारीख घेतलीये. आणि दुधाचा हिशोब आता पोरगी वहीत लिहिते, हे शेजारी बसून लिटर सांगतात. पहिल्याच आठवड्यात एक चूक सापडली, निघाली डेअरीवाल्याची. वर्षानंतर हसले हो.