मदत हवी आहे: अनिता लास्कर-वॉलफिश यांची गोष्ट मराठीत कशी सांगू?

नमस्कार मंडळी. चेलो (व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं तंतुवाद्य) वाजवणाऱ्या अनिता लास्कर-वॉलफिश यांच्यावर मी मराठीत लिहून सगळ्यांना वाचायला देणार आहे. जन्म १९२५, ब्रेस्लाउ (तेव्हा जर्मनीतलं शहर), ज्यू कुटुंबात. १९४२ मध्ये नाझींनी आईवडिलांना नेलं, ते परतलेच नाहीत. १९४३ च्या अखेरीस अनिता आउश्वित्झ या नाझी छळछावणीत पोचल्या. तिथल्या स्त्रियांच्या वाद्यवृंदात चेलो वाजवणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यांची निवड झाली. संचालिका होत्या अल्मा रोझे, संगीतकार मालर यांची भाची. कामावर जाणाऱ्या कैद्यांच्या रांगांसाठी रोज मार्च (कवायतीच्या चालीच्या धुना) वाजवावे लागत. पुढे बेर्गन-बेल्झन ही दुसरी छावणी, आणि १५ एप्रिल १९४५ ला सुटका.

माझी अडचण अशी की, कच्चा मसुदा वाचून मित्रमंडळी म्हणतात, "बघा, संगीताची ताकद!" मला ते पटत नाही. तिथं संगीत छावणीच्या यंत्रणेचाच भाग होतं, अल्मा स्वतः तिथेच वारल्या. हे कोरडं न होता कसं मांडू?

शिवाय ३१ जानेवारी २०१८ ला त्यांनी जर्मन संसदेत केलेल्या भाषणातले उतारे घ्यायचेत. जर्मन जाणणारं कुणी माझा अनुवाद तपासून देईल का? आणि छावणीचे जुने फोटो वापरायची परवानगी कुणाकडे मागायची? आठवी-नववीची मुलंही वाचणार आहेत, तर शिक्षकांनी त्यांना किती तपशील द्यावा हेही सांगावं.