मदत हवी आहे: ऑक्टोबरअखेर मस्कीसाठी नवं तळं कोणतं निवडू? (मिनेसोटा / विस्कॉन्सिन)

नमस्कार मंडळी,

मिनेसोटा-विस्कॉन्सिन भागात कुणी मस्कीमागे (गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा) जात असेल तर सल्ला हवाय. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस रजा टाकली आहे. या वेळी नेहमीच्या तळ्यावर जायचं नाही, एवढं नक्की केलंय. कुठे जायचं ते ठरत नाहीये.

गेली पाच वर्षं मी लेक मिनेटोंकावरच गळ टाकतोय. घरापासून जवळ, आणि सप्टेंबर सरला की पार्टीच्या बोटी जातात, पाणी शांत होतं. ४४ इंची मस्की तिथेच मिळाली. पण आता मासा आज कुठे असेल याचा विचारच करत नाही. मागच्या वर्षी जिथे दिसला होता तिथेच जाऊन पुन्हा पुन्हा फेकत बसतो. ही सवय मोडायची आहे.

दुसरं कारण बाबा. वय ७१, गुहागरकडचे. अख्खा जन्म खाडीवर गरी आणि तंगूस घेऊन गरवण्यात गेला. जूनमध्ये इकडे आले, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत जातील. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी माझ्या बकटेलमागे (केसाळ झुपक्याचं आमिष) एक मोठी मस्की थेट बोटीपर्यंत आली. मी काठीच्या टोकाने आमिष पाण्यात इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत राहिलो, ती दोनदा वळली आणि खाली गेली. बाबा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, “मरळ पण अशीच बघून जाते. पण ही केवढी होती रे!” तेव्हापासून रोज विचारतात, परत कधी जायचं. जाण्याआधी त्यांना एक तरी मस्की जाळ्यात आलेली दाखवायची आहे.

माझ्या डोक्यात तीन तळी आहेत.

मिल लॅक्स. मन तिथेच ओढ घेतं. मिनेसोटाचा मस्कीच्या वजनाचा विक्रम, ५५ पाउंड १४.८ औंस, २०२१च्या नोव्हेंबरमध्ये तिथेच झाला, आणि त्याआधीचा १९५७पासून टिकून होता. पण १,३२,००० एकरांचं ते उघडं पाणी, खोली जास्तीत जास्त ४२ फूट. वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या येतात. माझी बोट १६ फुटी ॲल्युमिनियमची, २५ हॉर्सपॉवरची. बाबांना घेऊन, एवढ्या थंड पाण्यावर, मी ती जोखीम घेणार नाही. चारांतले दोन दिवस किनाऱ्यावर बसून काढावे लागतील अशी भीती आहे.

लेक व्हर्मिलियन, उत्तर मिनेसोटात. साधारण ४०,००० एकर, पण बेटं शेकड्यांनी. वारा कुठूनही आला तरी आडोसा सापडेल. खडकांचे उंचवटेही भरपूर. अडचण एवढीच की तळ्याची रचना मला अजिबात माहीत नाही.

लॅक कूडरे, हेवर्डजवळ, विस्कॉन्सिनमध्ये. खोल, स्वच्छ पाणी आणि मस्कीचं खाद्य असलेले सिस्को मासे. व्हर्मिलियनपेक्षा अंतर कमी, आणि तिथे माणशी तीन गळ चालतात. मिनेसोटात उघड्या पाण्यावर एकच.

माझा खरा प्रश्न टर्नओव्हरचा आहे. वरचं पाणी गार होऊन खालच्याइतकं झालं की सगळं तळं ढवळून निघतं, तळातला गाळ-कचरा वर येतो आणि आठ-दहा दिवस मासा कुठेच धड सापडत नाही. रजा पुढेमागे करता येणार नाही. या तारखांना यांपैकी कुठल्या तळ्यात हे उरकलेलं असेल? आणि सिस्को विणीला खडकाळ उथळात येतात, त्यांच्यामागे मस्की येते, ते तेव्हा सुरू झालेलं असेल का?

मासा सोडायचाच आहे. बाबांना सुरुवातीला पटलं नाही. पण ५० इंची मादीला तेवढं व्हायला पंधराएक वर्षं लागतात हे सांगितल्यावर स्वतःच म्हणाले, मग जाळं मोठं घे, तिला लागता कामा नये.

---

प्रतिसाद:

व्हर्मिलियनला जा. लॅक कूडरे मला फार आवडतं, पण ते खोल आहे, उशिरा ढवळतं. ऑक्टोबरअखेर नेमके त्यातच सापडाल. मिल लॅक्स उथळ, वारा त्याला उन्हाळाभर हलवत असतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न फारसा नसतो. पण तुमच्या बोटीबद्दल तुम्ही बरोबर बोललात. व्हर्मिलियनचा फायदा असा की ते एक तळं नाहीच, अनेक उपसागर जोडलेले आहेत. एक ढवळत असेल तर दुसरा उरकलेला असतो. पाण्यात फेस, कुजका वास, तरंगणारी कुजलेली पाणवनस्पती दिसली की वेळ घालवू नका, दुसरीकडे जा.

सिस्कोची वीण पाणी ४५ फॅरनहाइटच्या खाली उतरल्यावर रंगात येते. थंडी लवकर पडली तर शेवटचे दोन दिवस मिळेल. तोवर खोल पाण्याला लागून असलेल्या खडकांच्या कडा बघा, रबरी आमिष सावकाश ओढा.

बाबांना फेकायला लावू नका. एकच गळ आहे तर तो त्यांनी जिवंत सकरचा (आमिषाला लावायचा मासा) धरावा, क्विक स्ट्राइक रिगवर (दोन हुकांची जोडणी, मस्कीने धरताच ओढायची). साधा एकच हुक असला तर मस्की तो गिळून बसते आणि सोडल्यावर मरते. सकर टॉवर किंवा कुक या तळ्याजवळच्या गावांतून घ्या, पण आधी फोन करा, शरदात मोठे सकर संपतात. राहायची जागाही आत्ताच बघा, तोवर बरीच रिसॉर्ट डॉक काढून बंद झालेली असतात.

---

मूळ प्रश्नकर्ता:

मनापासून आभार. उपसागरांचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. व्हर्मिलियन ठरलं, कुकजवळ केबिन बघतोय. सकरचा गळ बाबांच्या हातात, हे तर त्यांना सांगूनही झालं. तंगूसवर चिंबोरी टोकरली तरी त्यांच्या बोटाला कळतं, मस्की कळेलच. बाबांचं परराज्याचं लायसन्स आज काढतो.

एक विचारायचं राहिलं: पश्चिमेकडून, कुकच्या बाजूने बोट उतरवावी की टॉवरकडून? वायव्येचा वारा धरला तर त्या चार दिवसांत आडोसा कुठल्या बाजूला जास्त मिळेल?